डिझायनर बुटांचा घाट, खिशाला परवडेल अशा किमतीत

लोअर परळच्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मॉलमध्ये काचेआड मांडलेला जोड मनात भरला आणि त्याची किंमत महिन्याच्या पगारापुढे गेली, की बहुतेक जण एक तर मन मारतात, नाही तर रस्त्यावरची ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेऊन मोकळे होतात. या दोन्ही वाटा धरण्याआधी त्या जोडातले नेमके काय आवडले, हे स्वतःला विचारावे: घाट, रंगसंगती, चामडे की त्यावरचे नाव. नावच हवे असेल तर त्याला स्वस्त पर्याय नाही. बाकी तिन्ही गोष्टी मुंबईत परवडणाऱ्या किमतीत मिळू शकतात.

प्रसिद्ध जोडांचे सौंदर्य बरेचदा एकाच साध्या कल्पनेत असते. शनेलच्या १९५७ सालच्या जोडाचा अंगरंग फिकट, पुढची चोच काळी आणि टाचेमागे नुसता पट्टा. फिकट रंगाने पाय लांब दिसतो आणि काळ्या चोचीने पाऊल आखूड. गुचीच्या १९५३ सालच्या लोफरवर घोड्याच्या लगामातल्या कडीसारखी धातूची कडी आहे. म्हणून ऑनलाइन शोधताना कंपनीचे नाव न घालता ‘टू-टोन स्लिंगबॅक’ किंवा ‘हॉर्सबिट लोफर’ असे वर्णन घालावे, म्हणजे नकली मालाऐवजी त्या घाटाचे स्वतंत्र जोड समोर येतात. दुसऱ्याचे बोधचिन्ह लावून माल विकणे हा १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि फ्रेंच डिझायनर लुबुताँने तर लाल तळाच्या रंगावरही हक्क नोंदवलेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी फर्स्ट कॉपीत कारागिराचे सारे कौशल्य बोधचिन्ह हुबेहूब वठवण्यात खर्च होते आणि शिवण कच्ची राहते, हा माझा अनुभव आहे.

वर्षातून चार वेळा, लग्नाकार्यातच घालायचा जोड असेल तर लिंकिंग रोड किंवा कुलाबा कॉजवेचा रस्त्यावरचा बाजार पुरेसा आहे. तिथे पहिला भाव ऐकून न्याहाळत राहावे, आणि दोन दुकाने पुढे चालायची तयारी ठेवावी. रोज ऑफिसला घालायचा असेल तर मेट्रो, मोची, इन्क.५ किंवा कॅटवॉक यांच्या दुकानांतले सेल गाठावेत. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यापुढच्या जोडावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे या सीमेच्या थोडा वर गेलेला जोड घेण्यात फारसा अर्थ नसतो.

मात्र घाट अगदी मनासारखाच हवा असेल, तर जोड बनवून घेणे उत्तम. चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चामड्याच्या पादत्राणांचे अनेक लहान कारखाने आहेत. तिथे जाताना आवडलेल्या जोडाचे बाजूने, वरून आणि टाचेकडून असे तीन फोटो न्यावेत आणि कडी, पट्टा किंवा चोच यांपैकी काय ठेवायचे व कुठले चिन्ह काढून टाकायचे, हे आधीच सांगावे. पायाचे माप संध्याकाळी, उभे राहून, दोन्ही पावलांची कागदावर रेघ ओढून द्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. कारागिराकडे त्या घाटाचा फर्मा, म्हणजे ज्यावर जोड घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा, आहे का, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. चोच अणकुचीदार हवी आणि फर्मा गोल चोचीचा असला तर अपर, म्हणजे तळावरचा भाग, कितीही सुबक शिवले तरी घाट चुकतो. सपाट जोड, लोफर आणि सँडल बिनधास्त बनवून घ्यावेत. उंच टाचेच्या जोडात मात्र कमानीखाली धातूची पट्टी लागते, ती नसेल तर टाच डगमगते, म्हणून असे जोड तयारच घेतलेले बरे.

तयार जोड पारखायला दोन मिनिटे पुरतात. तो काउंटरवर ठेवून मागून पाहावा. दोन्ही टाचा सरळ उभ्या असाव्यात. मग हातात धरून वाकवावा: बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवावा. आत हात घालून बोटांच्या जागी शिवणीची गाठ लागते का, ते चाचपावे, कारण फोड तिथेच येतो. पट्ट्याची कापलेली कड उघडी दिसत असेल तर बारकाईने पाहावी. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेग्झिनच्या कडेला पातळ थर आणि त्याखाली कापड दिसते. विक्रेता ‘प्युअर लेदर’ म्हणत असताना ही कड शांतपणे त्याच्यासमोर धरली, की भाव आपोआप खाली येतो.

तळाबद्दल मुंबईकरांनी विशेष सावध राहावे. एका नातेवाइकाच्या लग्नासाठी मी तीन वर्षे कपाटात जपून ठेवलेला, जेमतेम दोनदा घातलेला जोड काढला; कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याच्या तळाचे ओल्या केकसारखे तुकडे पडू लागले आणि उरलेला समारंभ मी अनवाणी, पूजेला बसल्याच्या आविर्भावात काढला. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होतो, आणि वापराविना पडून राहिला तरी त्यातून वाचत नाही. आपल्या दमट हवेत म्हणूनच रबर किंवा टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबरचा) तळ मागावा, आणि जुना साठा सवलतीत मिळत असेल तर तळाला नख लावून तो ठिसूळ झालेला नाही ना, ते पाहावे.

वाचलेल्या पैशांतले थोडे स्टेशनबाहेर बसणाऱ्या गटई कामगाराला द्यावेत. नवा जोड एकदाही न घालता त्याच्याकडे नेऊन पुढच्या भागाला रबराचा पातळ थर आणि टाचेखाली रबराचा तुकडा लावून घ्यावा, आणि नुसत्या सोल्युशनने चिकटवलेला तळ शिवता येण्याजोगा असेल तर कडेने शिवून घ्यावा. यामुळे साधा जोडही बराच काळ टिकतो.

एका बाबतीत तर पर्याय शोधावाच लागत नाही. जून २०२५मध्ये मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मांडल्या, आणि टीका झाल्यावर ती प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. मूळ कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्रातल्या चार व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना लागू आहे. ती घेताना तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले आहेत ना आणि कुठे खिळा दिसत नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यात ती कागदात गुंडाळून ठेवावी, आणि नवी असताना अंगठ्याला चावू लागली तर पट्ट्याला आतून तेलाचा हात देऊन आधी दोन-तीन दिवस घरातच घालावी.