दारू सोडायला घाबरणाऱ्या माणसाला ओपीडीपर्यंत कसं न्यायचं

घरातला माणूस दारू सोडायची म्हणतो आणि डॉक्टरचं नाव काढलं की उठून बाहेर जातो, मग घरचे म्हणतात ह्याला सोडायचीच नाहीये. बऱ्याचदा तसं नसतं हो, तो घाबरलेला असतो आणि कशाला घाबरतोय हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून आधी सकाळी, तो शुद्धीत असताना, पोरं समोर नसताना विचारा, "तिथे गेल्यावर काय होईल असं वाटतंय तुला?" आणि मग गप्प बसून ऐका.

कोंडून ठेवतील, बांधतील असं म्हणाला तर सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे, आणि आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्कही त्याच कायद्यात आहे, त्यामुळे डॉक्टर ऑफिसात फोन करून सांगत नाहीत. शिवाय सगळ्यांनाच अ‍ॅडमिट करतात असं नाही, बऱ्याच जणांचं ओपीडीवरच भागतं. गर्द, गांजावाल्यांना पोलिसांची भीती असते. त्यांच्यासाठी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64अ आहे, सेवनाची किंवा थोड्या मालाची केस असेल आणि माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते, पण उपचार अर्धवट सोडायचे नाहीत.

एक भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. "सोडली की हात कापतात, जीव जाईल असं वाटतं." सकाळी कटिंग चहाही अर्धाच भरून द्यावा लागतो, नाहीतर बशीत सांडतो, अशा माणसाने घरी एकदम दारू बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बडबड सुरू होऊ शकते. यावर दवाखान्यात औषधं आहेत आणि हेच त्याला सांगायचं, की हा त्रास कमी करायलाच तिथे जायचंय. झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्यांची सवय असेल तर त्याही मनाने बंद करू नका. आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेलं असतं ना, न सांगता दारू सोडवा, ती पावडर भाजीत घालायच्या भानगडीत कृपा करून पडू नका, त्यात नेमकं काय आहे कळत नाही आणि वरून दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं, शिवाय त्याला कळलं की तुमच्यावरचा विश्वास कायमचा गेला.

मुंबईत केईएम, नायर, सायन तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा, सकाळी लवकर निघा म्हणजे पीक अवरची गर्दी लागत नाही, कारण ज्याला मुळात एन्झायटी आहे त्याचा धीर दादरच्या पुलावरच सुटतो. दारूने घबराट तासभर दबते आणि उतरली की दुप्पट होऊन येते, म्हणून डॉक्टरला दारू आणि घबराट दोन्ही सांगा. केस पेपरच्या लाईनीत तुम्ही उभे राहा, त्याला बाहेर झाडाखाली मोकळ्या हवेत बसू द्या.

गेटवर श्वास लागला, घाम फुटला, "उद्या येऊ" म्हणाला तर ओढू नका आणि "काही नाही होत" असंही म्हणू नका. बाजूला बसवा, त्याच्याबरोबर तुम्हीही श्वास हळूहळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. ओसरलं की म्हणा, आज फक्त डॉक्टरशी बोलू, औषधाचं नंतर बघू. छातीत दुखणं असेल तर मात्र पॅनिक समजून थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

अगदीच तयार नसेल तर घरूनच 14416 ला, म्हणजे टेलिमानसला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी 14446 आहे. तो नाही बोलला तर तुम्ही बोला, घरच्यांनाही हा आधार लागतो. आणि महिन्याभराने परत प्यायला तर शिव्या न देता पुढच्या तारखेची वाट न बघता केस पेपर घेऊन दुसऱ्या दिवशी ओपीडीत जा, डॉक्टर औषध बदलून देतील.