अमेरिकी तुरुंगांवरील वादविवादाची तयारी: शिक्षा की सुधारणा?

पुण्यातील महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत ‘तुरुंग शिक्षेसाठी की सुधारणेसाठी’ हा विषय निघाला, की अमेरिकेचे उदाहरण दिल्याशिवाय सहसा कोणी वक्ता खाली बसत नाही. परीक्षकाच्या खुर्चीतून ऐकताना जाणवते ते असे, की मुद्दे पुष्कळ असतात, पण शब्दांची गल्लत होते. म्हणून तयारी बाजू निवडण्यापासून नव्हे, तर शब्दांपासून सुरू करावी.

सर्वांत फसवा शब्द पॅरोल. येरवड्याच्या बातम्या वाचत वाढलेल्या आपल्याला पॅरोल म्हणजे घरातील मृत्यू किंवा आजारपणासाठी मिळणारी अभिवचन रजा. ती संपली की कैदी परत आत. फर्लो, म्हणजे संचित रजा, हीदेखील रजाच. अमेरिकेत मात्र पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला काळ अटींवर आणि देखरेखीखाली बाहेर काढण्याची मुभा. ‘१९८४च्या कायद्याने संघीय पॅरोल संपवला’ हे वाक्य प्रथम वाचले, तेव्हा कैद्यांच्या रजा बंद झाल्या, असा अर्थ मी खुशाल लावला होता. वस्तुतः तेथील संघराज्याने कैदी सुधारला की नाही हे पाहून त्याला लवकर सोडण्याची पद्धतच मोडीत काढली. अनेक राज्यांत ती आजही आहे. तेथील जेल आणि प्रिझन यांतही फरक आहे: जेलमध्ये मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे आणि अल्प मुदतीचे कैदी असतात, तर प्रिझनमध्ये दीर्घ शिक्षेचे.

त्यानंतर ‘अमेरिका’ हा शब्द भाषणातून शक्य तितका काढून टाकावा आणि एकच राज्य धरावे. माझी पसंती कॅलिफोर्नियाला आहे, कारण तेथे कायद्याची भाषाच बदलत गेलेली दिसते. तुरुंगवासाचा हेतू शिक्षा हाच आहे, असे १९७६च्या कायद्याने स्पष्ट लिहिले. २००५ मध्ये तुरुंग खात्याच्या नावात ‘पुनर्वसन’ हा शब्द आला, आणि २०१६ मध्ये कायद्यातील हेतूच बदलून शिक्षेच्या जोडीला पुनर्वसनही नोंदवले गेले. मधल्या काळात, १९९४ मध्ये, तिसऱ्या गुन्ह्याला किमान २५ वर्षे ते जन्मठेप देणारा कायदा झाला. आधी घरफोडी आणि लुटीच्या शिक्षा झालेल्या एका माणसाने दुकानातून प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फ स्टिक पँटच्या पायात लपवून नेल्या. त्याचे लंगडणे पाहून दुकानातील कर्मचाऱ्याने पोलिसांना बोलावले. त्याला झालेली २५ वर्षे ते जन्मठेपेची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कायम ठेवली. शिक्षेच्या बाजूने बोलणाऱ्याने हे प्रकरण टाळू नये; प्रतिपक्ष ते आणणारच, आणि तेव्हा त्या माणसाची आधीची गुन्हेगारी सांगता आली पाहिजे.

सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यासाठी तसाच अडचणीचा निकाल २०११चा आहे. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण करता यावा, हे कारण देऊन एका न्यायाधीशांनी आरोपी महिलेला ५१ महिन्यांची कैद दिली होती. सुधारणेसाठी कैद देता किंवा वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले, कारण पुनर्वसनासाठी तुरुंगवास हे योग्य साधन नव्हे, अशी नोंद १९८४च्या त्याच संघीय कायद्यात आहे. गंमत अशी, की त्या महिलेला तो कार्यक्रम तोवर मिळालाच नव्हता.

आकडे थोडेच घ्यावेत आणि प्रत्येक कार्डावर ‘नेमके काय मोजले?’ हा प्रश्न लिहावा. २००५ मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना नऊ वर्षांत पुन्हा अटक झाली, हा सरकारी आकडा अटकेचा आहे, दोषसिद्धीचा नव्हे. तुरुंगातील शिक्षणामुळे पुनरपराध ४३ टक्क्यांनी घटतो, असे सर्रास सांगितले जाते. २०१३च्या रँड संस्थेच्या अभ्यासातील तो आकडा शक्यतेच्या गुणोत्तराचा, म्हणजे पुन्हा गुन्हा करणारे आणि न करणारे यांच्या प्रमाणांच्या तुलनेचा आहे, आणि प्रत्यक्ष फरक सुमारे १३ टक्केबिंदूंचा. शिवाय शिकायला पुढे येणारा कैदी मुळातच बदलू पाहणारा असू शकतो. ही शंका प्रतिपक्षाने काढण्याआधी आपणच काढून १३चा आकडा सांगावा. निदान माझ्या गुणपत्रिकेत त्याला ४३पेक्षा जास्त गुण पडतात.