घरी हॉट रॉड रोडस्टर बांधताय? या चुका टाळा

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत इतर गाड्यांचे भाग घालून वेगासाठी बांधलेली गाडी, आणि रोडस्टर म्हणजे बिनछपराची गाडी. हॉट रॉडची सगळी मजा उसनवारीत आहे. बॉडी १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए ची, ब्रेक १९३९ चे, इंजिन १९४८ चं आणि स्टिअरिंग बॉक्स कुठल्या तरी चौथ्याच गाडीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी भंगारातून असे भाग उचलून रोडस्टर बांधले आणि मुरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवले. १९३७ मध्ये त्यांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही शर्यतींची संघटना उभी राहिली, जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा उलथापालथीला आडवं येतं, त्यामुळे ही हौस करायची तर अमेरिकेत. डेट्रॉइटच्या आसपास मोटार कंपन्यांत नोकरी करणारी आपली मंडळी पुष्कळ आहेत. दिवसभर संगणकावर गाडी बघून कंटाळलेल्या एखाद्याच्या गॅरेजात मॉडेल ए ची शॅसी येऊन पडली, तर त्याच्यासाठी हा लेख.

अशा गाडीत बिघाड झाला की माणूस भाग बदलत सुटतो. नवा पंप, नवं कार्ब्युरेटर, नवा रेडिएटर. खिसा रिकामा होतो, बिघाड तसाच राहतो. कारण भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो. फोर्डने तो ज्या इतर भागांच्या भरवशावर बसवला होता, ते मात्र जुन्या गाडीतच राहिलेले असतात. म्हणून पाना उचलण्याआधी एवढंच शोधा, की मूळ गाडीत याच्या जोडीला काय काय होतं?

पुढचा एक्सल

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच आहे. आपल्याकडच्या ट्रकचे पाटे गाडीच्या लांबीत बसवलेले असतात, त्यामुळे एक्सल पुढेमागे सरकत नाही. जुन्या फोर्डला पुढे एकच पाटा आणि तोही आडवा. तो वजन पेलतो, पण एक्सलला जागेवर धरून ठेवत नाही. ते काम विशबोनचं. व्ही आकाराच्या या दांड्याची दोन टोकं एक्सलला आणि मागचं टोक गाडीच्या मधोमध एका गोळ्यावर टेकलेलं. तिपाई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, तसाच हा तीन टेकूंचा हिशेब. एक चाक खड्ड्यात गेलं तरी एक्सल मुकाट तिरका होतो, कशालाच पीळ बसत नाही.

दुसरं इंजिन, दुसरा गिअरबॉक्स घातला की तो मधला गोळा अडचणीचा होतो. मग विशबोन मधून कापून दोन दांडे दोन बाजूंच्या शॅसीला जोडायची जुनी पद्धत आहे. ती चुकीची नाही, फक्त तिची किंमत माहीत हवी. आता एकच चाक वर उचललं गेलं की एक्सलला पीळ बसतो. फोर्डचा आय आकाराचा एक्सल थोडा पिळतो आणि सांभाळून घेतो. पण दिसायला सुबक म्हणून नळीचा एक्सल घातलात, तर नळी पिळायला तयार होत नाही. तो जोर निघतो ब्रॅकेटवर. वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची समजू नका. तारेच्या ब्रशने घासून बघा. कापलेला विशबोन ठेवायचा तर एक्सल आय आकाराचाच हवा. नळीचाच हवा असेल तर चार दांड्यांची जोडणी करा.

दुसरी चूक कॅस्टरची. गाडी पुढून झुकलेली छान दिसते म्हणून पुढचा भाग खाली घेतात, आणि त्याबरोबर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं तिचा, मागे झुकलेला कोन कमी होतो. हाच कोन म्हणजे कॅस्टर. मग गाडी रस्त्यावर भटकते, सरळ रस्त्यावरही हात सतत चालू ठेवावे लागतात. कॅस्टर ५ ते ७ अंश ठेवा आणि तो इंजिन, रेडिएटर, टायर सगळं चढवून गाडी जमिनीवर उभी असताना मोजा. नुसत्या शॅसीवर मोजलेला कोन काही कामाचा नाही.

आता थरथर. ताशी ४० मैलांच्या आसपास एखादा खड्डा लागतो आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं फडफडायला लागतं. यावर डॅम्पर, म्हणजे हादरे दाबणारा शॉक अॅब्सॉर्बर, बसवून मोकळं होणारे बरेच आहेत. डॅम्परने फडफड दबते, कारण तसंच राहतं. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा, मग टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किती आत वळलीत ते. ते एक ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान असावं. नंतर चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात लावून हलवा. खडखड जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिली तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजलेत. दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट तपासल्याशिवाय कॅस्टरला हात लावू नका.

स्टिअरिंग बॉक्स एका बाजूला आणि त्याच्यापासून चाकाकडे जाणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, आडवी दुसऱ्या चाकाकडे जात असेल तर आणखी एक गोष्ट बघा. उभ्या गाडीत कोणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि स्वतः समोर बसून पाट्याच्या शॅकलवर (पाट्याचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीवर) नजर ठेवा. चाकं वळण्याआधी अख्खा एक्सल बाजूला सरकत असेल, तर तुमच्या हातातली निम्मी हालचाल तिथेच वाया जाते. एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा, म्हणजे पॅनहार्ड बार बसवा, ड्रॅग लिंकला समांतर आणि जमेल तितका तिच्याच लांबीचा. लांबी फार वेगळी असली तर खड्ड्यात चाक आपोआप वळेल.

जाता जाता सांगतो, स्टिअरिंगचे आर्म आणि त्यांचे बोल्ट क्रोम करण्याचा मोह आवरा. प्लेटिंग करताना कणखर पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. नंतर योग्य तापमानाला भाजून तो काढता येतो, पण चकाकीचं दुकान ते करतंच असं नाही. चमकवायचंच असेल तर हेडलाइटचे स्टँड चमकवा.

ब्रेक

मॉडेल ए चे मूळ ब्रेक दांड्यांवर चालतात. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले, म्हणून १९३९ ते १९४८ चे १२ इंची ड्रम उचलून जुन्या एक्सलला लावायची रीत पडली. चांगली रीत आहे. फक्त या ब्रेकचे शू स्वतःहून ड्रमला ओढले जात नाहीत, त्यामुळे त्यांची गोलाई ड्रमच्या गोलाईशी तंतोतंत जुळावी लागते आणि खालच्या पिना फिरवून ते मधोमध आणावे लागतात. नवे शू डब्यातून काढून तसेच चढवले तर ब्रेक लाकडासारखे लागतात आणि दोष मास्टर सिलिंडरवर जातो.

पेडल काय सांगतंय ते ऐका. पहिल्यांदा दाबलं की तळाला जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर मिळतं, तर शू ड्रमपासून लांब आहेत किंवा लाइनमध्ये राहायला हवा तो थोडासा दाब राहत नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये तो धरणारा व्हॉल्व्ह आतच असायचा. नव्या दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये तो असेलच असं नाही, मग ड्रमसाठी १० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंडात मोजलेला दाब) व्हॉल्व्ह वेगळा घालावा लागतो. डिस्क असतील तर २ पीएसआयचा, आणि तोही मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, चाकांपेक्षा खाली असेल तेव्हा. डिस्कच्या लाइनवर चुकून १० चा घातला तर ब्रेक कायम घासत राहतात. पेडल मऊ लागलं तर हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठेच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलं.

सगळ्यात चकवणारा प्रकार वेगळाच. गॅरेजात ब्रेक झकास, पंधरा मिनिटं चालवली की आपोआप लागायला लागतात, ड्रम तापतात, गाडी जड होते. बहुतेक वेळा पेडलपासून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या पुशरॉडला मोकळीक ठेवलेली नसते. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जायचं बारीक भोक बंद राहतं आणि तापून फुगलेलं तेल चाकांवर दाब देत बसतं. ब्रेक धरलेले असतानाच मास्टर सिलिंडरचे बोल्ट थोडे ढिले करा. चाकं मोकळी झाली तर पुशरॉड साधारण दीड मिलिमीटर आखूड करा. नाही झाली तर मास्टर सिलिंडरपाशी लाइन जरा ढिली करून बघा. तरीही एखादं चाक धरूनच राहिलं, तर त्याचा रबरी होज आतून फुगलाय.

फ्लॅटहेड तापतंय

फ्लॅटहेड म्हणजे १९३२ मध्ये आलेलं फोर्डचं व्ही-८ इंजिन, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. अमेरिकेतल्या गाड्यांत ते १९५३ पर्यंत टिकलं. हॉट रॉडचा आत्मा म्हणावा तर हेच. पण त्याची एक खोड जन्मजात आहे. व्हॉल्व्ह आतल्या बाजूला आणि एक्झॉस्ट बाहेरच्या, त्यामुळे जळका गॅस ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर पडतो. त्यात मधल्या दोन सिलिंडरना एक्झॉस्टचं तोंड एकच. म्हणजे पाण्यावर उष्णतेचा बोजा मुळातच जास्त.

तरी ‘फ्लॅटहेड तापणारच’ हे मला मान्य नाही. ते कधी तापतं ते आधी बघा. सिग्नलला उभं असताना तापतं आणि हायवेला लागलं की निवतं, तर हवा कमी पडते: पंखा रेडिएटरपासून फार लांब आहे किंवा त्याला श्राउड, म्हणजे भोवतीचं पत्र्याचं कडं, नाही. हायवेवर तापतं आणि सावकाश चालवलं की ठीक, तर पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटर चोंदलाय. खालचा होज आतल्या ओढीने चपटा होतो का तेही बघा. इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं, आणि हे तपासायला फुकट आहे, म्हणून रेडिएटर बदलण्याआधी तपासा. थंड इंजिन सुरू केल्या केल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय किंवा ब्लॉकला चीर आहे.

चिरेवरून आठवलं. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये चीर जाणं हे या ब्लॉकचं जुनं दुखणं. बोअरिंग, क्रँक, कॅम यांवर पैसे घालण्याआधी ब्लॉक साफ करून चिरांची आणि दाबाची चाचणी करून घ्या. साफ करणं म्हणजे वरून धुणं नव्हे. ब्लॉकच्या भोकांना बसवलेली झाकणं, म्हणजे कोअर प्लग, काढून आत तार घालून खरवडा. गंजाच्या चिखलाबरोबर कारखान्यातली ओतकामाची वाळूसुद्धा अजून निघते, सत्तर-ऐंशी वर्षांनंतर.

इथेही जोडीदाराचा नियम लागू. १९३७ ते १९४८ च्या हेडमध्ये पाणी मधोमध बाहेर पडतं, १९४९ पासूनच्या हेडमध्ये पुढच्या टोकाला. पाण्याची भोकंही सारखी नाहीत. ब्लॉक, हेड आणि गॅस्केट तिन्ही एका घराण्याचे घ्या आणि घट्ट करण्याआधी गॅस्केट दोन्ही पृष्ठभागांवर ठेवून प्रत्येक भोक उघडं राहतंय का ते बघा. या इंजिनाला पाण्याचे पंप दोन आणि थर्मोस्टॅटही दोन. ते काढून फेकणं हा इलाज नव्हे.

पेट्रोल आणि वायरिंग

स्ट्रॉमबर्ग ९७ हे कार्ब्युरेटर नावाला जागतं: घसा ०.९७ इंचाचा. त्याला पेट्रोलचा दाब अडीच-तीन पीएसआयच्या वर चालत नाही. आजचे बरेच इलेक्ट्रिक पंप त्याच्या दुप्पट देतात. मग आतला तरंगणारा फ्लोट कितीही नीट लावा, त्याच्या जोरावर पेट्रोल अडवणारी नीडल बंद राहत नाही, पेट्रोल वरून वाहतं, धूर काळा येतो. नीडल बदलण्याआधी लाइनला गेज लावा आणि रेग्युलेटर घाला. बाकी साध्या इंजिनावर तीन कार्ब्युरेटर फक्त फोटोसाठी. दोन पुष्कळ झाले.

फोर्डच्या जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक शॅसीला जोडलेल्या. ६ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, त्यामुळे १२ व्होल्टची बारीक केबल वापरली की स्टार्टर रडतो. बॅटरी बिचारी चांगली असते. १२ व्होल्ट केलंत तर कॉइल, बल्ब आणि गेजही बदलावे लागतात. दिवे मंद, गेज नाचतायत, अशी तक्रार असेल तर इंजिन, शॅसी आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी बघा. नव्या रंगावर बसवलेली असते ती, खाली पत्र्याला टेकलेलीच नसते.

शॅसी आणि बॉडी

मॉडेल ए ची शॅसी म्हणजे पातळ पत्र्याचा सी आकाराचा चॅनल. मूळ चार सिलिंडरच्या इंजिनाला पुरायचा, व्ही-८ ला पुरत नाही. आतून पट्टी लावून तो पेटीसारखा बंद करावा लागतो. चूक होते ती सलग वेल्ड मारत जाण्यात. उष्णतेने अख्खा रेल केळ्यासारखा वाकतो. रेल जिगवर (सरळ धरून ठेवणाऱ्या मजबूत साच्यावर) पक्के बांधा, छोटे टाके एकदा इकडे एकदा तिकडे मारा, मध्ये थंड होऊ द्या, आणि दर थोड्या वेळाने कर्ण मोजा.

रोडस्टरला छप्पर नसतं, हे वाचायला मूर्खपणाचं वाटेल, पण कापाकापी करताना नेमकं तेच विसरलं जातं. फ्लोअर आणि खालचे रेल कापले की बॉडीला आकारात धरणारं काहीच उरत नाही. कापण्याआधी दारं बंद करून, त्यांच्या फटी सारख्या लावून, आतून चौकोनी नळीचे आडवे-तिरके टेकू वेल्ड करा. दारांच्या फटींचा शेवटचा हिशेब इंजिन बसवून गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच, बॉडीखालचे शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, बदलून लावायचा.

मागच्या बाजूचं थोडक्यात: १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट टॉर्क ट्यूब या नळीच्या आत असतो आणि एक्सलचा उलटा जोर ती ट्यूब घेते. उघडा शाफ्ट घातलात तर तो जोर घ्यायला दुसरी सोय करा. जुने पातळ दांडे ते काम करणार नाहीत.

रंग सगळ्यात शेवटी. गाडी प्रायमरमध्ये किंवा उघड्या पत्र्यावर पूर्ण जोडा आणि काही शे मैल चालवा. काय घासतंय, कुठे चीर जातेय, कुठलं ब्रॅकेट पुन्हा करावं लागणार, हे तेव्हाच कळतं. स्टिअरिंगच्या प्रत्येक कॅसल नटला (खाचा असलेल्या नटला) तो सुटू न देणारी कॉटर पिन हवीच. पहिल्या ५० मैलांनंतर पाट्याचे यू-बोल्ट, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. आवळलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी गाडीखाली शिरलात की रेघ तुटलेली दिसेल तोच नट ढिला.