विस्मरणात गेलेले आर्केड गेम शोधून घरी कसे खेळावेत

कोल्हापुरात नाणे टाकून व्हिडिओ गेम खेळलेल्या पिढीला ‘मुस्तफा’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आपल्याकडे त्यातल्या पात्राच्या नावानेच ओळखला गेला. अनोळखी गेमचा शोध अशा ओळखीच्या गेमपासूनच सुरू करावा. त्याच कंपनीचे, त्याच धाटणीचे ‘आर्मर्ड वॉरियर्स’ (१९९४) आणि ‘बॅटल सर्किट’ (१९९७) हे दोन उत्तम गेम फारसे कुणाच्या नजरेस पडले नाहीत, आणि २०१८ साली ‘कॅपकॉम बीट ’एम अप बंडल’ या अधिकृत संचात ते आले, तोवर घरी खेळण्याची अधिकृत सोयही नव्हती. हा संच विकत घेऊन आरंभ करावा.

त्याहून मागे जायचे असेल, तर ‘मेम’ (MAME) हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प जुन्या मशिनमधील सर्किटांचे काम हुबेहूब करून दाखवतो. गेमच्या फायली वाटेल तिथून उतरवू नयेत. ‘रॉबी रोटो’ (१९८१), ‘स्टार फायर’ (१९७९) आणि बाजारात कधी आलाच नाही असा ‘ग्रिडली’ यांच्यासारखे काही गेम हक्कधारकांच्या परवानगीने मेमच्या अधिकृत संकेतस्थळावरच विनामूल्य मिळतात. झिप फाइल न उघडता तशीच ‘रॉम्स’ फोल्डरमध्ये ठेवावी. त्यानंतर मेममधून गेम उघडून ५ ही कळ दाबली की नाणे पडते आणि १ दाबली की खेळ सुरू होतो.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तोच गाळतात. दुर्लक्षित राहिलेल्या कित्येक गेमचे सारे वैशिष्ट्य त्यांच्या नियंत्रणात असते. अटारीच्या ‘क्वांटम’मध्ये (१९८२) ट्रॅकबॉल, म्हणजे पॅनेलमध्ये बसवलेला चेंडू, तळहाताने फिरवून कणांभोवती वेढे काढायचे असतात, तर टायटोच्या ‘कॅमलट्राय’मध्ये (१९८९) चेंडूला हात न लावता संपूर्ण चक्रव्यूहच गोल फिरवावा लागतो. असे गेम कीबोर्डच्या बाणांवर खेळून कंटाळवाणे ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यासाठी ‘मेम’च्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये माउसचा पर्याय ० ऐवजी १ करावा आणि खेळ चालू असताना टॅब दाबून येणाऱ्या मेन्यूतून संवेदनशीलता हळूहळू जुळवावी. ग्रिडलीही ट्रॅकबॉलचाच गेम आहे, त्यामुळे ही जुळवणी त्याच्यावर करून पाहणे सोयीचे पडते.

जॉयस्टिकचे गेम मनापासून आवडू लागले, तर जॉयस्टिक आणि बटणे बसवायचे स्वतःचे पॅनेल बनवून घ्यावे, आणि या कामाला कोल्हापूरसारखे गाव नाही, कारण शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांना पत्रा कापणे आणि नेमक्या मापाचे भोक पाडणे नवीन नाही. मात्र जॉयस्टिक, बटणे आणि ती संगणकाला जोडणारे यूएसबी सर्किट हातात आल्याशिवाय माप देऊ नये, कारण बटणे ३०, २८ आणि २४ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या व्यासांची असतात. दाबून बसवायची बटणे पातळ पत्र्यातच धरून राहतात. जाड प्लायवूड वापरायचे असल्यास नटाने आवळण्याची बटणे मागवावीत. जॉयस्टिक घेताना तिच्या तळाची चकती बदलून चार दिशांपुरती मर्यादित करता येते का, हेही पाहावे. फिरती दारे ढकलून वाट बदलता येणाऱ्या, युनिव्हर्सलच्या ‘लेडी बग’ (१९८१) या सुरेख गेममध्ये आठ दिशांच्या जॉयस्टिकने वळणे हमखास चुकतात.

पहिल्या दिवशी टॅबच्या मेन्यूतील डिप स्विचमधून (मूळ मशिनमधील सेटिंग बदलण्याची छोटी बटणे) जिवांची संख्या वाढवून घ्यावी, म्हणजे अनोळखी गेमचे नियम उमगेपर्यंत धीर टिकतो. मेमचे ‘हायस्कोअर’ हे प्लगइनही (जोड-सॉफ्टवेअर) तेव्हाच सुरू करावे, नाहीतर अनेक जुन्या गेममधील गुणांची यादी गेम बंद होताच पुसली जाते.