रानातले ऑर्किड जिथल्या तिथे कसे जपावे

रानातले ऑर्किड, म्हणजेच आमरी, वाचवण्याच्या हेतूने उपटून घरच्या कुंडीत लावणारी माणसे बहुतेक वेळा त्याचा जीवच घेतात; म्हणून रोप जागेवरून हलवू नये, हा पहिला नियम. ऑर्किडचे बी धुळीच्या कणासारखे बारीक असते आणि त्यात अंकुराला पोसणारा अन्नसाठा जवळपास नसतोच. विशिष्ट बुरशीचे तंतू बियात शिरले तरच ते रुजते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. जमिनीवर वाढणाऱ्या अनेक जाती मोठ्या झाल्यावरही या बुरशीची साथ सोडत नाहीत, त्यामुळे रोपाइतकीच त्याखालची माती जपावी लागते. तिथला पालापाचोळा झाडून काढू नये, खत किंवा बुरशीनाशक टाकू नये आणि माती दाबली जाणार नाही अशा बेताने पायवाट वळवावी.

यातल्या कित्येक जाती वर्षातले काही महिने केवळ कंदरूपाने जमिनीखाली असतात. फुलोऱ्याच्या दिवसांतच जागा नकाशावर टिपून ठेवल्या, तर पुढे झुडपे तोडताना कुदळ नेमकी कंदावर पडत नाही. गवत कापायचे असल्यास बोंडे वाळून फुटेपर्यंत थांबावे. झुडपांची दाटी वाढली असेल तर ती हाताने, थोडी थोडी विरळ करावी. सावलीला सरावलेल्या रोपांवर एकदम ऊन येऊ देऊ नये.

झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडांना बांडगूळ समजून ओरबाडले जाते, हा मोठाच अन्याय आहे. ती सालीला केवळ धरून असतात, झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांच्यासाठी खरबरीत सालीची जुनी झाडे राखावीत. वादळात फांदीसकट पडलेले रोप मात्र नियमांची खातरजमा करून जवळच्याच तशा खोडावर, तितक्याच सावलीत सुतळीने बांधण्यास हरकत नाही.

दुर्मीळ जातीचा ठावठिकाणा जाहीर करू नये आणि छायाचित्रातली स्थाननोंदही काढून टाकावी. ब्रिटनमध्ये ‘लेडीज स्लिपर’ ऑर्किड लोकांनी इतके खणून नेले की विसाव्या शतकात त्याचे एकच ज्ञात रानटी रोप उरले होते आणि त्याची जागा गुप्त ठेवून पहारा द्यावा लागला.

दरवर्षी गणना करताना फुलांबरोबर नुसत्या पानांची रोपेही मोजावीत. काही रोपे एखादे वर्ष जमिनीवर येतच नाहीत, तेव्हा एका हंगामातल्या घटीवरून ती नष्ट झाली असे ठरवू नये.