उपचार खरंच लागू पडतो का? पुराव्यांचा आढावा घेण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. एखाद्या उपचारावरच्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, तपासायच्या आणि एकत्र मांडायच्या, हे ते काम. या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांची एकच अपेक्षा असते: संख्याशास्त्र शिकायचं आणि मेटा-ॲनालिसिस, म्हणजे अनेक चाचण्यांच्या आकड्यांचा एकत्रित हिशेब, करायचं. ते शिकावं लागतंच, पण त्याला वाटतो तेवढा वेळ लागत नाही. आकडे हातात असले की बेरीज सॉफ्टवेअर करून देतं. वर्षं जातात ती दुसऱ्याच गोष्टीत. समोरच्या शोधनिबंधात काय लिहायचं टाळलंय आणि कोणता निबंध मुळात छापूनच आला नाही, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

आधी हे काम कशासाठी, ते सांगते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात आणि अशा रुग्णांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड या औषधांनी ते चुकणारे ठोके कमी होत. त्यामुळे औषधं जीव वाचवत असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मग 'कास्ट' नावाची मोठी चाचणी झाली. १९८९ मध्ये तिचा या दोन औषधांचा भाग मधेच थांबवावा लागला. १९९१ मध्ये छापलेल्या निकालात औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके सुधारले होते, माणसं मात्र जास्त मेली होती.

म्हणून आढाव्याचा प्रश्न ठरवताना घाई करू नका. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजायचा, ही चार अंगं सगळीच पाठ्यपुस्तकं शिकवतात. चौथ्या अंगावर सर्वांत जास्त वेळ द्या. रक्तातली पातळी, स्कॅनवरचा डाग, ठोक्यांची नोंद हे सगळं मोजायला सोपं असतं, म्हणून चाचण्यांमध्ये तेच भरपूर सापडतं. रुग्णाला मात्र मी जगेन का, दुखणं कमी होईल का, पुन्हा चालता येईल का, हे जाणून घ्यायचं असतं. असे परिणाम आधी लिहा, मग ते किती चाचण्यांनी मोजलेत ते बघा. कुणीच मोजले नसतील, तर तेही आढाव्यात स्पष्ट लिहायचं असतं.

प्रश्न ठरला की प्रोटोकॉल, म्हणजे आढावा कसा करणार याचा आराखडा, लिहायचा आणि शोध सुरू करण्याआधी 'प्रॉस्पेरो'सारख्या आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदणीत टाकायचा. नव्या लोकांना ही कागदपत्रांची कटकट वाटते. पण निकाल डोळ्यांसमोर आल्यावर कुठली चाचणी घ्यायची आणि कुठली वगळायची हे ठरवलं, तर प्रामाणिक माणसाचाही कल आपल्याला हव्या त्या उत्तराकडे झुकतो. आधी लिहून ठेवलेला नियम त्यापासून वाचवतो.

शोधासाठी ग्रंथपालाची मदत घ्याच. पबमेड आणि एम्बेस ही निबंध शोधायची ठिकाणं, कॉक्रेन या आढावे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची चाचण्यांची नोंद, अशा प्रत्येक ठिकाणी शोधशब्द वेगळे बांधावे लागतात. अनुभवी ग्रंथपाल तुमची शोधओळ वाचून त्यात कुठला समानार्थी शब्द राहिलाय ते पटकन दाखवतो. मग येतं स्क्रीनिंग. हजारो शीर्षकं आणि सारांश दोघांनी एकमेकांचं न बघता चाळायचे आणि मतभेद झाला तर तिसऱ्याला विचारायचं. कंटाळवाणं आहे. रोज थोडं थोडं करा, सलग दिवसभर बसू नका, कारण दमलेली नजर नेमकी हवी ती चाचणी सोडून देते.

त्यापुढचा टप्पा आहे माहिती काढण्याचा, आणि मला तो सर्वांत आवडतो. इथे चाचणीची खरी ओळख होते. एकच चाचणी वेगवेगळ्या निबंधांतून, कधी वेगळ्या लेखकांच्या नावाने, पुन्हा छापलेली असू शकते. उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉनबद्दल १९९७ मध्ये हे नीट तपासलं गेलं. दोनदा छापलेले रुग्ण दोनदा मोजले की औषधाचा गुण २३ टक्के फुगून दिसत होता. म्हणून रुग्णसंख्या, चाचणीची ठिकाणं, तारखा, सुरुवातीच्या तक्त्यातली सरासरी वयं हे सगळं शेजारी शेजारी मांडून बघायची सवय लावून घ्या.

दुसरी सवय स्टँडर्ड डेव्हिएशन (रुग्णारुग्णांतले आकडे किती पसरलेत) आणि स्टँडर्ड एरर (काढलेली सरासरी किती चुकू शकते) यांच्याबाबतीत. पुष्कळ निबंधांत 'सरासरी ± आकडा' एवढंच असतं आणि तो आकडा कशाचा हे सांगितलेलं नसतं. स्टँडर्ड एरर नेहमी लहान असते. ती डेव्हिएशन समजून भरली, तर ती चाचणी अतिशय अचूक आहे असं सॉफ्टवेअरला वाटतं आणि सगळ्या निकालावर तिचंच वजन पडतं. प्रत्येक चाचणीचा निकाल एकेका रेघेने दाखवणाऱ्या फॉरेस्ट प्लॉट या आलेखात एखाद्या छोट्या चाचणीची रेघ संशयास्पद आखूड दिसली, तर मूळ निबंध पुन्हा उघडा.

चाचणीच्या विश्वासार्हतेत मी सर्वांत आधी बघते ते गटवाटप लपवलं होतं का. रँडमायझेशन केलं, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, एवढं लिहिणं पुरत नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे भरती करणाऱ्या डॉक्टरला आधीच कळत असेल, तर जास्त आजारी रुग्णाला नव्या उपचाराच्या गटात घालायचं किंवा तिथून टाळायचं, हे नकळतही घडतं. १९४८ मध्ये छापलेल्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध ब्रिटिश चाचणीत यासाठीच बंद लिफाफे वापरले होते. त्यानंतर बघायचं ते मधेच गळालेल्या रुग्णांचं काय केलं. ते कोणत्या गटातून आणि का गळाले हे न सांगता फक्त उरलेल्यांचा हिशेब दिला असेल, तर त्या निकालावर मी फारसा भार टाकत नाही.

आता न छापलेल्या निकालांकडे वळते. माझ्या मते हाच या कामाचा गाभा आहे. २००८ मध्ये काही संशोधकांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंद असलेल्या नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्या घेतल्या आणि त्या पुढे कुठे छापल्या गेल्या ते शोधलं. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ चा निकाल विरुद्ध किंवा शंकास्पद होता. त्यातल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अशा शब्दांत छापल्या की औषध लागू पडल्यासारखं वाटावं. फक्त नियतकालिकं वाचणाऱ्याला जवळपास प्रत्येक चाचणी यशस्वी दिसली असती. औषधं निरुपयोगी होती असा याचा अर्थ नव्हे, पण त्यांचा गुण होता त्यापेक्षा मोठा दिसत होता. हे आकडे मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण त्यामागे गोळ्या घेणारी खरी माणसं होती आणि चाचण्यांत भाग घेतलेलीही खरी माणसं होती. त्यांनी शरीर दिलं, वेळ दिला, आणि त्यांचा निकाल कपाटात राहिला.

म्हणून चाचणी नोंदणीची संकेतस्थळं उघडायला शिका. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि जागतिक आरोग्य संघटनेचं शोधद्वार ही दोन ठिकाणं तरी बघायलाच हवीत. चाचणी कधी नोंदवली, मुख्य परिणाम कोणता लिहिला होता आणि निबंधात कोणता मुख्य म्हणून दाखवलाय, हे ताडून पाहा. ते जुळत नसेल तर लेखकांना सभ्य भाषेत पत्र लिहा. बरेचजण उत्तर देत नाहीत. काहीजण मात्र न छापलेला तक्ता मनापासून पाठवतात आणि एखाद्या आढाव्याचं उत्तर त्याने बदलतं.

छोट्या चाचण्या गोळा करून मोठं सत्य मिळतं असंही समजू नका. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम द्यावं, त्याने मृत्यू बरेच कमी होतात, असं १९९० च्या सुमारास छोट्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून दिसलं होतं. १९९५ मध्ये ५८ हजारांहून जास्त रुग्णांच्या आयसिस-४ चाचणीचा निकाल आला आणि तो फायदा त्यात दिसला नाही. उलट उदाहरणही लक्षात ठेवा. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या आईला स्टिरॉइड दिलं तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते, हे सुचवणारी पहिली चाचणी १९७२ ची. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण सगळ्या एकत्र मांडायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. तोवर कितीतरी आयांना ते इंजेक्शन मिळालं नाही. कॉक्रेनच्या बोधचिन्हात याच चाचण्यांच्या रेघा आहेत.

लिहिताना दोन गोष्टी जपा. धोका 'निम्मा झाला' असं एकटं लिहू नका. हजारात दोनाचा एक झाला की दोनशेचे शंभर झाले, हे सांगा. आणि 'फायदा सिद्ध झालेला नाही' याच्या जागी 'फायदा होत नाही' असं लिहू नका. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा परिणाम ज्या मर्यादांमध्ये असण्याची शक्यता आहे तो पल्ला, मोठ्या फायद्यापासून मोठ्या नुकसानापर्यंत पसरलेला असेल, तर आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढंच खरं असतं. पुराव्यावर किती विसंबायचं ते ठरवणाऱ्या 'ग्रेड' पद्धतीतल्या उच्च, मध्यम, कमी आणि अतिशय कमी या चार पायऱ्या याचसाठी आहेत.

या कामात डॉक्टरच लागतात असं नाही. औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, फिजिओथेरपी, संख्याशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, कुठूनही येता येतं. नोंदणीपासून प्रकाशनापर्यंत एका आढाव्याला वर्षाहून जास्त वेळ सहज जातो, हे मनाशी धरून या. सुरुवात करायची असेल, तर कॉक्रेनची हँडबुक इंटरनेटवर मोफत वाचता येते. पण नुसतं वाचत बसू नका. छापून आलेला एखादा छोटा आढावा घ्या, त्यातल्या तीन-चार चाचण्यांचे मूळ निबंध मिळवा आणि आढाव्याचे तक्ते न बघता माहिती स्वतः काढा. मग दोन्ही ताडून पाहा. जिथे फरक पडेल तिथे कोणाचं बरोबर आहे ते निबंधाच्या कोणत्या ओळीवरून ठरतं, हे लिहून ठेवा आणि ती वही घेऊन एखाद्या गटाकडे काम मागायला जा.