टेकडीवरच्या जुन्या कपेलाची डागडुजी कशी करायची (आणि सिमेंट का नको)

गोव्यात बऱ्याच टेकड्यांवर एखादं लहानसं कपेल असतं, म्हणजे चॅपेल, आमच्याकडे कपेलच म्हणतात. खालच्या मोठ्या इगर्जीकडे, म्हणजे चर्चकडे, सगळ्यांचं लक्ष असतं, वरचं कपेल मात्र फेस्ताला, म्हणजे वर्षाच्या सणाला, उघडतं आणि वर्षभर पाऊस आणि वाळवीच्या ताब्यात. आमच्या वाड्यावरच्या अशाच एका कपेलाच्या कामात मी तीन सिझन होतो, त्यातून जे कळलं ते लिहितोय, म्हणजे तुमच्या गावात कोणी "दोन पोती सिमेंट आणू, दोन दिवसांत उरकू" म्हणालं तर त्याला थांबवता येईल.

आधी एक करा, ओल्ड गोव्याला जाऊन या. तिथल्या टेकडीवर अवर लेडी ऑफ द माउंटचं कपेल आहे, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर बांधलेलं, आदिलशाही तोफखाना याच टेकडीवर होता म्हणून जागा ही निवडली. या शतकाच्या सुरुवातीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने त्याची डागडुजी केली आणि आज तिथे संगीताचे कार्यक्रम होतात. पांढऱ्या भिंतीला हात लावून बघा. मग दुसऱ्या टेकडीवर, मोंते सांतोवर, सेंट ऑगस्टीनचे अवशेष बघा. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना काढल्यावर १८३५ मध्ये ती इगर्ज ओस पडली आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. सात पावसाळे फक्त! १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. एवढ्या जाड भिंती असून ही गत, तर आपल्या दोन खोल्यांच्या कपेलाचं काय होईल विचार करा.

तिसरी जागा ओल्ड गोव्यातलीच बॉम जेझूस बॅसिलिका. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला, चिरा उघडा छान दिसतो म्हणून, आणि तेव्हापासून तो दगड पावसात झिजतोय. आपला चिरा, म्हणजे जांभा, भोकाभोकांचा असतो, पाणी पितो. त्याला गिलाव्याचा अंगरखा लागतोच, पण तो चुन्याचा, कारण चुन्यातून ओल बाहेर जाते. सिमेंटमधून जात नाही. मग पाणी भेगांमधून, कौलांमधून, जमिनीतून आत शिरतं आणि सिमेंटच्या मागे अडकून बसतं, लोणा लागतो, पांढरं मीठ फुटतं, आणि चार-पाच वर्षांत सिमेंटचा पापुद्रा चिऱ्याचं तोंड घेऊनच खाली पडतो.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आधीच्या एका कंत्राटदाराने वेदीमागच्या भिंतीला सिमेंट मारून वर प्लास्टिक पेंट दिला होता. बोटाच्या पेराने टकटक केली की भद्द आवाज यायचा, आणि एक तुकडा काढला तर मागचा चिरा ओल्या बिस्किटासारखा हातात आला. खूप वाईट वाटलं, खरंच.

तर कामाची सुरुवात हत्यार घेऊन करू नका. भर जुलैत, धो धो पाऊस पडत असताना वर जा, आत टॉर्च घेऊन बसा आणि पाणी कुठून येतंय ते खडूने भिंतीवरच मार्क करा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तो सगळं सांगतो. फोटो काढा, तारीख लिहा. परवानगीचंही याच काळात बघा: फादर, फाब्रिका (इगर्जीचा कारभार बघणारी समिती), त्यांच्यामार्फत आर्चडायसिस (आर्चबिशपचं कार्यालय), आणि वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खातं. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत तुमचं कपेल असेल तरी परवानगी लागते, नुसती दुरुस्ती असली तरी.

पाऊस संपला की पहिलं छप्पर. भिंतीवर कितीही खर्च करा, कौलं गळत असतील तर सगळं पाण्यात. कौलं उतरवा, फुटकी बदला, वाळवी लागलेले वासे आणि रिपा सुताराकडून बदलून घ्या, पण चांगला जुना वासा काढू नका, तेवढंच टोक कापून जोड देता येतो. मग कपेलाच्या भोवती साठलेली माती काढा, वर्षानुवर्षं ती चढत जाते आणि जोत्याच्या वर येते, आणि पाणी लांब जाईल असा चर खणा. आमची अर्धी ओल या चरानेच गेली. भिंतीतून पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, चिरे सुटतात. वरून कापा, मुळं मारा आणि मोठी मुळं असतील तर तेवढे चिरे उतरवून परत चुन्यात बसवा.

सिमेंट काढताना छिन्नी आणि लहान हातोडा, ब्रेकर मशीन अजिबात नको. पोकळ वाजतं तिथून सुरू करा. जिथे ते इतकं घट्ट आहे की चिराही सोबत येतोय तिथे थांबा, राहू दे तेवढं. आणि मग भिंत वाळू द्या, शक्यतो पूर्ण उन्हाळा. लोकांना हेच जमत नाही, सगळ्यांना फेस्ताच्या आधी रंग हवा असतो.

आता चुना. पूर्वी इथे शिंपल्यांचा चुना भाजायचे, आणि तो मळायला दगडी चाकाची घाणी असायची, किल्ल्यांवर अजून दिसते. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून न विरवलेला, मिळाला तर लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा, उलट कधीच नाही, कारण तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना गॉगल, हाताला ग्लव्हज, यात हयगय नको. हा चुना पाण्याखाली ठेवा, निदान महिनाभर, जास्त ठेवला तर आणखी चांगला, लोण्यासारखा होतो.

वाळू नदीची, धुतलेली. समुद्राची अजिबात नको, तिच्यातलं मीठच परत भिंतीतून फुटेल. जुन्या गिलाव्याचा खडा कुटून ग्लासात व्हिनेगरमध्ये टाका, फसफसून चुना विरघळतो आणि तळाशी वाळू राहते, तिचा रंग आणि जाडी बघून तशीच वाळू शोधा. एक भाग चुना, तीन भाग वाळू, भरपूर मळायचं, पाणी जेमतेम. गूळ, हिरडा वगैरे घालतात, पण तुमच्या भागात चुन्यात काम केलेला म्हातारा गवंडी असेल तर त्यालाच विचारा, आमच्या गवंड्याने थापीवर मसाला (चुना-वाळूचं मिश्रण) घेऊन ती उलटी धरली, मसाला पडला नाही, तेव्हाच तो "झाला" म्हणाला.

भिंत आधी भिजवा, मग साधारण १० मिमीचा एक थर, तो घट्ट झाला की दुसरा. ऊन लागू देऊ नका, ओली गोणपाटं टांगा आणि आठवडाभर पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्याला घाई चालत नाही. म्हणून काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

शेवटी सफेदी. पातळ, दुधासारखी, चार-पाच हात. पहिला हात मारल्यावर काहीच दिसत नाही, लोक म्हणतात आणखी घट्ट करा, तसं करू नका, घट्ट सफेदीचे पोपडे निघतात. वाळेल तशी ती पांढरी होत जाते.

वेदीचं लाकूड, सोन्याचा मुलामा, जुन्या मूर्ती यांना मात्र आपण हात लावायचा नाही, ऑइल पेंट तर नाहीच. धूळ मऊ ब्रशने झाडा आणि जाणकार कॉन्झर्व्हेटर येईपर्यंत स्वच्छ सुती कापडाने झाका. आणि पुढच्या जुलैत परत टॉर्च घेऊन वर जा, जुने फोटो सोबत ठेवा, खडूच्या खुणा होत्या तिथे हात फिरवून बघा.